पाळीच्या आधीचे दिवस

मला आजार आहे हे मला कळायलाच बरीच वर्षं गेली. मी रोज उठत होते, डबे करत होते, मीरा रोडच्या शांती नगरातून शेअर रिक्षाने हाटकेशला कामावर जात होते. तिथे औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापणारा एक छोटा कारखाना आहे. छापायला जाण्याआधी लेबल वाचून चुका काढायच्या, हे माझं काम. ते मी नीट करायचे. फक्त घरी आलं की ओट्याला धरून उभी राहायचे, आणि पुढे हात उचलायचाच नाही. कुकर लावायचा आहे हे माहीत असायचं. तांदूळ कुठे आहेत तेही माहीत असायचं. मुलगी कॉलेजातून येऊन विचारायची, "मम्मी, लाइट का नाही लावली?" तेव्हा कळायचं की अंधार पडलाय.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. मूळच्या कोकणातल्या, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य मुंबईच्या चाळीत गेलेलं. सासरे वारल्यावर ती खोली सोडून त्या मीरा रोडला आल्या. आमचं कधी भांडण झालं नाही, पण फार बोलणंही नव्हतं. दिवसातून दहा वाक्यं, तीही भाजी, पाणी आणि गॅसची. माझ्याकडे बघून त्या एवढंच म्हणायच्या, "रक्त कमी झालंय तुझं. बीट खात जा."

शेवटी नवऱ्याने मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून वयाने लहान, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गोळ्या दिल्या. एका गोळीने झोपच झोप यायची, दुसरीने वजन वाढलं, तिसरीने एक हिवाळा चांगला गेला आणि मग तीही चालेनाशी झाली. असं करता करता एकदा मी त्यांना सहज बोलल्यासारखं सांगितलं, "हल्ली रस्ता ओलांडताना मी गाड्या बघत नाही."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "विसरता, की बघावंसं वाटत नाही?"

"बघावंसं वाटत नाही."

त्या दिवशी त्यांनी नवऱ्यालाही आत बोलावलं आणि पहिल्यांदा केटामाइनचं नाव काढलं. ते भूल द्यायचं जुनं औषध आहे, म्हणाल्या. खूप कमी प्रमाणात, शिरेतून, हळूहळू दिलं तर ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत अशा काही माणसांचं नैराश्य त्याने उतरतं. सगळ्यांचं नाही, काहींचं.

नवऱ्याने तिथेच मोबाइलवर बघितलं. "डॉक्टर, हे तर पार्टीत नशेसाठी घेतात असं लिहिलंय."

"घेतात. चुकीच्या हातात हे धोक्याचंच आहे. म्हणून तर इथे भूलतज्ज्ञ असतात, मॉनिटर असतो, मी असते." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "औषध चालू असताना तुमचं भान सुटेल. आपण शरीराच्या बाहेर आहोत असं वाटेल, काही दिसेल, वेळ कळणार नाही. मॅजिक मशरूम, एलएसडी, असल्या नशेच्या पदार्थांनी जसा अनुभव येतो त्याच्या जवळपासचं. त्यांना सायकेडेलिक म्हणतात. परदेशात त्यांच्यावर अभ्यास चाललाय, आपल्याकडे त्यांना परवानगी नाही. हे कायद्याने चालतं, पण दवाखान्यातच."

त्यांनी बरंच विचारलं. ब्लडप्रेशर, हृदय, लिव्हर, माहेरी कोणाला वेड लागलं होतं का. शेवटची पाळी कधी आली तेही विचारलं, पण ते दिवस राहिलेत की काय हे बघण्यापुरतं. चाचणीत काही निघालं नाही आणि तो विषय तिथेच संपला. मला त्यात काही खटकलं नाही. इतकी वर्षं मी लेबलं वाचत आले. त्यांवर वय असतं, वजन असतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी सूचना असते. महिन्यातल्या कुठल्या दिवसांत घ्यावं किंवा घेऊ नये, असं मी कधीच वाचलं नव्हतं.

औषध घेतल्यावर घरी नेणारं कोणीतरी सोबत लागतं. नवरा विमानतळावर कार्गोमध्ये आहे, त्याची ड्यूटी बदलती. आम्ही दोघं कॅलेंडर बघत बसलो होतो तेव्हा सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "मी जाते की. मला काय काम असतं?"

पहिल्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, लग्नाला निघाल्यासारखं. दवाखान्यातल्या त्या खोलीत जाड पडदे होते, मागे रेलायची मोठी खुर्ची होती. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या. नर्सने दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला, डोळ्यांवर कापडी पट्टी दिली आणि म्हणाली, "दीदी, कुछ भी दिखे तो लड़ना मत. बस देखते रहना."

आधी ओठ बधिर झाले. मग खुर्ची खाली गेली, की मीच वर गेले, ते सांगता येणार नाही. खाली मिठागरं दिसायला लागली, आमच्या भाईंदरच्या खाडीकडे आहेत तशी, पण संपतच नव्हती. उथळ पाणी, त्यावर ऊन. मी त्या पाण्यावर पातळ पसरले होते आणि ऊन माझ्यातून आरपार जात होतं. मी कोणाची आई नव्हते, कोणाची बायको नव्हते, आणि त्याचं दुःख नव्हतं. छातीवरचा दगड कोणी उचलला असं नाही. छातीच नव्हती, तर दगड राहणार कुठे?

डोळ्यांवरची पट्टी काढली तेव्हा मी रडत होते, पण ते रडणं मला नवं होतं.

"काय दिसलं?" बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं.

"पाणी."

त्यांनी मान हलवली. जणू हे उत्तर त्यांना पटलं.

रिक्षात मी म्हटलं, "आई, मला भूक लागलीय." हे वाक्य माझ्या तोंडून त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्यांनी रिक्षावाल्याला तिथेच थांबवलं. एका उडप्याकडे मी इडली खाल्ली, मग अजून मागवली. त्या समोर बसून चहा गार होऊ देत माझ्याकडे बघत राहिल्या.

त्यानंतरची दुसरी वेळही अशीच गेली. पाणी नव्हतं, पण तोच हलकेपणा होता. त्या आठवड्यात मी कपाट आवरलं. मुलीच्या केसांना तेल लावून दिलं. ती हलूच नको म्हटल्यासारखी ताठ बसून राहिली होती, मी मध्येच थांबेन या भीतीने.

तिसरी वेळ ठरली होती त्या दिवशी भूलतज्ज्ञ रजेवर गेले, म्हणून ती पुढे ढकलली गेली. पुढे गेली ती नेमकी अशा दिवसांत, की मला आधीच बरं नव्हतं. छाती दुखत होती, डोकं जड होतं. एक पोळी करपली म्हणून मी ओट्यापाशी हुंदके देत रडले होते. हे दर महिन्याला व्हायचं. दर महिन्याचं म्हणूनच मी ते आजारात कधी धरलं नव्हतं आणि डॉक्टरांना सांगितलंही नव्हतं. बाईला हे असायचंच, त्यात काय सांगायचं?

खुर्ची तीच, नर्स तीच, औषधाचं प्रमाण तेच. ओठ बधिर झाले. पाणीही आलं. पण या वेळी ऊन नव्हतं. पाणी काळं होतं आणि मी त्यात मिठासारखी विरघळत होते. प्रत्येक श्वासाला माझ्यातलं थोडं कमी व्हायचं. कोणीतरी नाव घेऊन हाक मारत होतं. ते नाव आहे हे कळत होतं, कोणाचं ते कळत नव्हतं. मग आठवलं की कुठेतरी एक लहान मूल माझी वाट बघतंय आणि ते कुठे ठेवलं ते मी विसरलेय. ते शोधायला हात हवेत, तर हात नव्हते. मी ओरडले. नर्सने ताबडतोब औषध बंद केलं. डॉक्टर धावत आल्या. माझं मनगट धरून त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "तुम्ही दवाखान्यात आहात. मीरा रोडला आहात. औषध बंद केलंय, उतरेल आता." मला शब्द ऐकू येत होते, पण ते दुसऱ्या कोणाला तरी सांगितल्यासारखे.

तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या. नर्स त्यांना अडवायला गेली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. खुर्चीच्या पायथ्याशी त्या जमिनीवर बसल्या, माझे दोन्ही तळपाय घट्ट धरले, अंगठे आत रुतवले आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ये. खाली ये. मी धरलंय तुला. ये घरी."

डॉक्टरांनी त्यांना उठवलं नाही. मला पहिल्यांदा परत मिळाले ते माझे पाय. दुखणारे, दाबले जाणारे पाय. मग गुडघे, मग बाकीचं सगळं.

घरी येताना मी सांगून टाकलं, "आता पुन्हा नाही जाणार. मेले तरी चालेल." दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाळी आली. त्याचा आणि कालच्या दिवसाचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

मी कामावरून रजा घेतली होती. अशाच एका दुपारी, उत्तनहून येणाऱ्या कोळणीकडून घेतलेली कोलंबी सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून सोलत होत्या. मी दाराला टेकून बसले होते, काहीच न करता. त्यांनी वर न बघता विचारलं, "त्या दिवशी तुझी अडचण जवळ आली होती काय गो?"

आमच्या घरात हा विषय कधी निघत नसे. त्या विटाळ मानायच्या, मी मानत नव्हते. वाद नको म्हणून दोघींनी त्यावर न बोलण्याचंच ठरवून टाकलं होतं, तेही न बोलता. मी म्हटलं, "हो. दुसऱ्याच दिवशी आली. का?"

"मला वाटलंच." त्यांनी एक कोलंबी सोलून वाडग्यात टाकली. "माझ्या अंगात यायचं."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही.

लग्नानंतर लवकरच सुरू झालं, म्हणाल्या. गावी नवरात्रात पहिल्यांदा. मग चाळीतल्या देवीसमोर आरतीला. ढोल वाजायला लागला की आधी अंग कापायचं. मग पाय कुठे आहेत ते कळायचं नाही. "माझ्याच तोंडातून कोण बोलतंय ते मी लांबून ऐकायचे. जशी काय दुसऱ्याच्या खोलीत बसलेय. बायका पाया पडायच्या. मळवट भरायच्या. आणि हे..." हे म्हणजे माझे सासरे. मी त्यांना बघितलं ते म्हातारपणी, पण ताट भिरकावण्याची त्यांची गोष्ट चाळीतले लोक हसत हसत सांगायचे. "हे हात जोडून उभे राहायचे. वर्षातून तेवढेच दिवस मला 'अहो' म्हणायचे."

मी विचारलं, "दर वर्षी यायचं?"

"नाही ना. एखाद्या वर्षी ढोल फुटायची पाळी आली तरी काय नाही. लोक म्हणायचे, देवीची मर्जी. मला माहीत होतं. छाती जड झाली, डोकं फुटायला लागलं, उगाच रडू यायला लागलं की समजायचं, आता आरतीला गेले तर येणार. आणि असलं येणार की जीभ चावेन, पडेन. मग लगेच अडचण. लोक म्हणायचे, विटाळ झाला म्हणून देवी गेली." त्यांनी पुढची कोलंबी उचलली. "एकदोनदा न्हाऊन मोकळी झाल्यावर पण आलं होतं. ते वेगळं. हलकं. मी हसत होते म्हणे. तू पहिल्या दिवशी दवाखान्यातून बाहेर आलीस ना, तेव्हा मला तेच आठवलं. आणि त्या दिवशी आतून तुझा आवाज आला, तेव्हा दुसरं. माझी मावशी पाय धरायची माझे. तळपाय धरले की माणूस परत येतो."

"कोणाला बोलला नाहीत हे?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "कोणाला बोलू? देवी आणि विटाळ एका वाक्यात?"

कोलंबीचा वाडगा भरत आला होता.

"मग बंद कधी झालं?"

"पिशवी काढली तेव्हा. रक्त थांबत नव्हतं माझं. डॉक्टर म्हणाले, सगळंच काढून टाकू, पिशवी, अंडाशय, सगळं. चाळिशी पण नव्हती आली. त्यानंतर एकदा पण नाही आलं. ढोल वाजायचे, मी नुसती उभी. लोक बघायचे माझ्याकडे. म्हणायला लागले, देवी रागावली, हिच्याकडून काहीतरी चुकलं. हे पण तेच म्हणाले. काय पाप केलंस ते आठव, म्हणाले." त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "आठवत बसले. मंगळवार धरला. ओटी भरते. माफी मागते. अजून मागते."

आणि त्या कोलंबी धुवायला उठल्या, जणू काही विशेष बोलल्याच नव्हत्या.

त्या दिवशी माझ्या डोक्यातून ते जाईना. मी शिकलेली बाई आहे. अंगात येणं हे मी कधी खरं मानलं नव्हतं आणि आजही देवी येते असं म्हणणार नाही. पण भान सुटतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी, खरं तर डोळे बांधून, बघितलं होतं. आणि एकाच बाईचं भान महिन्यातल्या दोन वेगळ्या दिवसांत दोन वेगळ्या जागी जाऊ शकतं, हे मला माझ्याच अंगावरून कळलं होतं. फक्त त्याकडे त्या नजरेने बघितलं नव्हतं. एक गोष्ट मात्र मनात आडवी आली. पाळी चालू असताना सासूबाईंना आरतीला उभं राहायची मुभाच नव्हती. त्या दिवसांत त्यांच्या अंगात आलं असतं की नसतं, ते कोणाला कळणार? कोणी बघितलंच नव्हतं.

मी डॉक्टरांकडे गेले. पुन्हा औषध घ्यायला नाही, सांगायला. महिन्यातल्या त्या दिवसांचं सगळं सांगितलं. करपलेल्या पोळीचंही सांगितलं. सासूबाईंचं नाव न घेता त्यांचंही थोडं सांगितलं.

डॉक्टरांनी माझी फाइल उघडून मागच्या तारखा बघितल्या. मग म्हणाल्या, "हे मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"म्हणजे हे खरं आहे?"

"असू शकतं. खात्रीने सांगता येत नाही." त्यांनी समजावून सांगितलं. पाळीच्या चक्रात दोन मुख्य संप्रेरकं चढतात, उतरतात. त्यांचं काम गर्भाशयापुरतं नसतं, मेंदूतही असतं. ज्या रसायनांमधून ही भान हलवणारी औषधं काम करतात, त्यांच्यावरही या चढउताराचा परिणाम होतो. त्यामुळे मॅजिक मशरूम असो, एलएसडी असो की केटामाइन, पाळीच्या आधी आणि नंतर त्याचा अनुभव वेगळा येऊ शकतो, औषध जास्त किंवा कमी लागू पडू शकतं, असं म्हणायला जागा आहे. "पण या दिशेने नीट बघायला आत्ता कुठे सुरुवात झालीय. औषधांच्या अभ्यासात बायकांना बरेचदा घेतच नसत. घेतलं तरी महिन्याचा कुठला दिवस आहे ते विचारत नसत. पाळीमुळे आकडे गोंधळतात म्हणायचे."

मला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. "म्हणजे बाजूलाच बसवलं."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमच्या एका वाईट दिवसावरून काही सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. त्या दिवशी झोप झाली नसेल, तारीख पुढे गेल्याचा ताण असेल, दुसरीही कारणं असतील. पण तुमच्यापुरतं आपण दिवस बदलून बघू शकतो. त्यात नुकसान नाही."

मला पुन्हा त्या खुर्चीपर्यंत जायला दोन महिने लागले. शेवटी पाळी संपून थोडे दिवस झाल्यावरचा दिवस ठरवला. डॉक्टरांनी सासूबाईंना आत बसू दिलं, पायांशी, स्टुलावर. त्या वेळी मला काही भव्य दिसलं नाही. पिवळसर उजेड आणि कोणीतरी लांबून भांडी घासत असल्याचा आवाज, एवढंच. पण मी घाबरले नाही. आणि त्या महिन्यात पाळीच्या आधीचे दिवस आले तेव्हा ते आले आहेत हे मला कळलं. आधी ते नुसते माझ्यावर कोसळायचे.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. माझं वय पाळी जायच्या जवळचं आहे. ती कधी लवकर येते, कधी दोन-दोन महिने येत नाही, त्यामुळे दिवस धरून चालणं जमेनासं झालं. एकदा आमचा अंदाज साफ चुकला. औषध सुरू झालं आणि काळं पाणी पुन्हा आलं. या वेळी प्रमाण आधीच कमी ठेवलं होतं. सासूबाईंचे अंगठे तळपायात होते. मी ओरडले नाही. वाईट वाटत होतं, फार वाईट, पण हे वाईट वाटतंय हे मला समजत होतं, आणि समजणारी मी शिल्लक होते. बाहेर आल्यावर मी नर्सकडे पॅड मागितलं. तिने डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी माझ्याकडे.

त्या दिवशी निघताना सासूबाई डॉक्टरांच्या केबिनच्या दारात अडल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या म्हणाल्या, "मला एक विचारायचंय. माझ्यासाठी."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"पिशवी काढली, सगळंच काढलं, तर बाईचं डोकं वेगळं चालायला लागतं काय?"

"चालू शकतं. अंडाशयंही काढली असतील तर शरीरात एकदम मोठा बदल होतो. पाळी हळूहळू जाते तेव्हा शरीराला सवय होत जाते. ऑपरेशनने एका दिवसात सगळं थांबतं. झोप, मन, अंगाची आग, बरंच काही बदलतं."

"मग अंगात यायचं बंद होऊ शकतं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी नाव न घेता सांगितलेली बाई कोण होती, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी घाई केली नाही.

"आजी, देवीचं मला काही माहीत नाही. माझं शिक्षण तेवढं नाही. पण तुमच्यात जे बदललं ते ऑपरेशननंतर बदललं ना? मग ते ऑपरेशनने बदललं असण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही काही केलं म्हणून ते बदललं, असं मला वाटत नाही."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "बरं," म्हणाल्या, आणि निघाल्या.

रिक्षात त्या कडेच्या बाजूला बसल्या होत्या. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ थांबली. रिक्षावाल्याने माझी अवस्था बघून विचारलं, "मॅडम, धीरे चलाऊँ क्या?" मी हो म्हटलं. मग सासूबाई समोरच्या बसकडे बघत, स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं मी माफी कशाची मागत होते?"

मी त्यांचा हात धरला. आम्ही सासू-सून असे हात धरणाऱ्यातल्या नव्हतो, म्हणून त्यांनी आधी हाताकडे बघितलं, मग तसाच राहू दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका जुना राग मी कधी बघितला नव्हता. तो कोणावर होता ते मी विचारलं नाही. ज्यांच्यावर असायला हवा, ते कधीचे गेले होते.

आता मी औषध क्वचितच घेते. रस्ता ओलांडताना गाड्या बघते. काही दिवस अजूनही ओट्याशी हात थांबतात. मग मुलगी किंवा सासूबाई, कोणी ना कोणी कुकर लावतं. डॉक्टर म्हणतात की प्रत्येक बाईला त्या आता महिन्याचं विचारतात. उत्तर काय करायचं ते अजून नीट माहीत नसलं तरी विचारतात.

सासूबाईंनी मंगळवार सोडलेला नाही. मी एकदा म्हटलं, "आता कशाला उपास करता आई?"

"देवी आहेच की," त्या म्हणाल्या. "तिच्याशी माझं काय भांडण नव्हतं. ते लोकांनी लावलेलं. आता ओटी भरते, माफी मागत नाही." मग डब्यातले साबुदाणे चाळणीत ओतत म्हणाल्या, "हे भिजायला घाल. तू पण खा थोडे."